कॅम्परमधे झोपायच्या आधी

नमस्कार मंडळी. आज मला कॅम्पर व्हॅनवाल्यांशी बोलायचंय, म्हणजे ज्यांनी ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीटा काढल्या आणि बेड, ओटा, सिंक असं सगळं बसवून घेतलं ते, आणि जे या सुट्टीत भाड्याची कॅम्पर घेऊन कोकणात उतरायच्या बेतात आहेत ते पण. 2021 मधे आपल्या महाराष्ट्राचं कॅराव्हॅन, म्हणजे अशाच राहायच्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आलं आणि आता महामार्गावर अशी गाडी दिसली तर कुणी वळून बघत नाही. लोक मला विचारतात टीव्ही केवढा घेऊ, फ्रीज कुठला घेऊ, सोफ्याला रेक्झिन लावू का कापड. मी आज यातलं काही सांगणार नाहीये. मी एकच गोष्ट सांगणारे आणि ती मधेमधे परत सांगणारे, कारण ऐकताना कुकरची शिट्टी झाली की नेमकं तेच वाक्य निसटतं. तर ऐका. गाडीत किंवा गाडीच्या शेजारी काही जळत असेल, चालू असेल, धुमसत असेल, तर त्या गाडीत झोपायचं नाही. शेगडी, कोळशाची सिगडी, जनरेटर, काहीही. परत सांगते, काही जळत असेल तर झोपायचं नाही.

आता हे मी एवढं जीव तोडून का सांगते त्याचा किस्सा सांगते, माझ्या जवळच्यांना तो पाठ आहे पण तुम्ही ऐकलेला नाही.

2024 चा मे महिना. आम्ही घरची सगळी गुहागरकडे निघालो होतो, कुंभार्ली घाटानं. माझ्या मोठ्या दिरांनी तेव्हा नवीन कॅम्पर करून घेतली होती, भाऊजी फार हौशी माणूस, लाकूडकाम तर इतकं सुंदर की हात फिरवत बसावं. बरोबर माझे सासरे होते, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमधे आयुष्य गेलं त्यांचं. आणि इथे एक बोलून घेते, आपल्याकडे एसटीच्या मेकॅनिकला आणि ड्रायव्हरला जेवढा मान मिळायला पाहिजे तेवढा मिळत नाही. ही माणसं डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतात गाडीचं काय दुखतंय. असो.

मुक्काम एका ओळखीच्यांच्या वाडीत होता, नारळी-पोफळीची वाडी, समुद्र दोन पावलांवर. आम्ही दोघं आणि आमची मुलगी घरातल्या खोलीत, भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं गाडीत, आणि आप्पा बाहेर पडवीत खाटेवर मच्छरदाणी लावून, कारण त्यांना गाडीत झोप येत नाही. संध्याकाळी गाडीतल्याच ओट्यावर जाऊबाईंनी बांगडे तळले, वास जावा म्हणून छतातला एक्झॉस्ट फॅन लावला आणि तो तसाच चालू राहिला. हा फॅन लक्षात ठेवा, पुढे येणारे.

रात्री नऊच्या सुमाराला लाइट गेली. मे महिना, कोकण, उकाडा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मुलं रडकुंडीला आली. आता गाडीच्या बॅटरीवर एसी चालेल का, तर चालतो, पण किती वेळ? हिशोब करा, एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट खातो, आणि 12 व्होल्टची 200 अँपिअर अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 2400 वॅट अवर, म्हणजे जेमतेम दोन तास. मग माणूस काय करतो, जनरेटर काढतो. भाऊजींनी पण तेच केलं. छोटा पेट्रोलचा जनरेटर गाडीच्या मागे ठेवला, तेवढ्यात वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले म्हणून तो गाडीच्या अगदी जवळ सरकवला आणि वरून ताडपत्री ओढली. एसी लागला, काचा बंद, मुलं झोपली, सगळे खूश.

तासाभरानं धाकट्या पुतण्याला उलटी झाली. जाऊबाई त्याला घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या घाट लागला असेल नाहीतर बांगडा बाधला. त्यांचंही डोकं जड झालेलं. घरातल्या काकूंनी लिंबू-पाणी आणलं. कोविडमधे घेतलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जाऊबाईंच्या पर्समधे होतं, लावलं तर 98. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आप्पा उठून बसले होते, त्यांनी विचारलं, "मोठी कुठाय?" पुतणी आतच झोपलेली. आप्पा गाडीत गेले तिला बघायला आणि दारातूनच ओरडले, "आधी जनरेटर बंद कर! सगळे बाहेर!" मी त्यांना एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना त्या दिवशी ऐकलं, ना आधी ना नंतर. पुतणीला त्यांनी हाक मारली तर ती डोळे उघडेना, नुसती हं हं करत होती. उचलूनच बाहेर आणली. अंगणात मोकळ्या हवेत ठेवलं, काही मिनिटांनी ती बोलायला लागली, पहिलं वाक्य, "आजोबा, डोकं फार दुखतंय."

भाऊजी म्हणाले, आप्पा, धुराचा वास तर फारसा नव्हता. आप्पा म्हणाले, वासाचं काय घेऊन बसलास, वर्कशॉपात दार लावून इंजिन चालू ठेवायची आमची हिंमत नव्हती. मग त्यांनी विचारलं तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठाय, म्हणजे काही जळताना निघणारा तो बिनवासाचा विषारी वायू ओळखून वाजणारा, मी तुला घ्यायला लावला होता तो. तर तो होता ओट्याखालच्या ड्रॉवरमधे, खोक्यात, सेल न घालता! टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले, त्यात घातले, अलार्म खिडकीत ठेवला आणि दार लावून आम्ही बाहेरून काचेतून बघत उभे. जनरेटर बंद होऊन एवढा वेळ झाला होता तरी स्क्रीनवर आकडा चढत चढत तीन अंकी झाला आणि थोड्या वेळानं तो जो बोंबलायला लागला, की वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

त्याच रात्री चौघांना आमच्या कारमधे घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आप्पांनी डॉक्टरांना आत शिरताच सांगितलं की जनरेटर चालू होता, आणि डॉक्टर म्हणाले हे सांगितलंत ते फार बरं केलंत, नाहीतर मी फूड पॉयझनिंग समजून बसलो असतो. ऑक्सिजन लावला, पहाटेपर्यंत मुलं नीट झाली. ऑक्सिमीटरचं पण त्यांनीच सांगितलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून घट्ट चिकटतो, आणि ते बोटाचं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं. म्हणून माणूस गुदमरत असतो आणि यंत्र 98 दाखवत असतं. हे परत सांगते. डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, झोप अनावर होतेय आणि हे एकाच गाडीतल्या सगळ्यांना होतंय, तर ऑक्सिमीटर बघत बसू नका, बाहेर पडा आणि डॉक्टरकडे जा.

सकाळी आप्पांनी शोध लावला. जनरेटर पार लांब नेऊन ठेवला, गाडीच्या काचा बंद केल्या, आतला एक्झॉस्ट फॅन लावला आणि स्वतः उदबत्ती घेऊन गाडीखाली गेले. वायरी आत घ्यायला फ्लोअरला एक भोक पाडलेलं, जेमतेम दोन बोटं जातील एवढं, बुजवायचं राहून गेलेलं. उदबत्ती तिथे धरली आणि आम्हाला म्हणाले या, बघा. धुराची रेघ सरळ त्या भोकातून वर चालली होती. फॅन आतली हवा वर फेकत होता, काचा बंद, मग हवा येणार कुठून, तर खालून, आणि खाली जनरेटरचा धूर ताडपत्रीनं कोंडलेला. भाऊजी बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसले होते. त्यांनी तिथेच सिलिकॉन आणि रबरी ग्रोमेट आणून ते बंद केलं आणि जनरेटर परत येताना विकून टाकला.

त्याच वर्षी डिसेंबरमधे केरळात वडकराजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमधे दोघं जण मृतावस्थेत सापडले. तपासात निघालं जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड. बातमी वाचली तेव्हा आप्पांनी पेपर घडी करून भाऊजींपुढे ठेवला, बोलले काहीच नाहीत.

तर आता उरलेल्या वेळात सामानाचं सांगते, पटापट सांगते, लिहून घ्या.

सीओ अलार्म, म्हणजे तोच कार्बन मोनॉक्साइडचा. आकडा दाखवणारा घ्या, झोपता तिथे उशीच्या उंचीच्या आसपास लावा, आणि सेल घालून लावा. त्याच्या पाठीमागे तारीख असते, साधारण पाच ते दहा वर्षांत तो बाद होतो, टेस्टचं बटण दाबल्यावर वाजला म्हणजे आतला सेन्सर चांगलाच आहे असं नाही, म्हणून तारीख बघा. गॅस गळतीचा अलार्म वेगळा, तो खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. एक वर, एक खाली, दोन्ही पाहिजेत.

सिलिंडर उभाच ठेवायचा, पट्ट्यानं बांधायचा, त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी पाहिजे, आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. नळी आयएसआयची सुरक्षा होज, पाच वर्षांनी बदलायची, आणि गाडीच्या हादऱ्यांत ती घासत असेल तर त्याच्या कितीतरी आधी. ऑगस्ट 2023 मधे मदुराई स्टेशनात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात नियम मोडून लपवून नेलेल्या सिलिंडरनं आग लागली, नऊ माणसं गेली. बंदिस्त जागेत गॅस म्हणजे हे असं आहे. माझं तर म्हणणं, स्वयंपाक गाडीच्या बाहेर करा, कोकणात जाऊन बंद गाडीत मॅगी शिजवायची कसली हौस, वाडीतल्या काकूंच्या हातचं आंबोळी-चटणी खा ना.

अग्निशामक एबीसी पावडरचा, दोन किलोचा तरी, आणि तो शेगडीशेजारी नाही, दारापाशी. आग ओट्याला लागली तर ओट्याजवळचा अग्निशामक काढणार कसा? काटा हिरव्यात आहे का ते निघताना बघायचं.

वीज. रिसॉर्टवाले देतात त्या बोर्डातून वायर ओढता तेव्हा आधी तिथलं अर्थिंग आहे का ते सॉकेटमधे लावायच्या टेस्टरनं बघा. गाडी रबरी टायरवर उभी असते, बिघाड झाला तर सगळी बॉडीच लाइव्ह होते, आणि तुम्ही ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराचं हँडल धरता. म्हणून गाडीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच. आणि 12 व्होल्टवर हजार वॅटचा इन्व्हर्टर 80-90 अँपिअर ओढतो, त्याला घरातली वायर चालत नाही, जाड केबल आणि बॅटरीच्या प्लसपाशी फ्यूज. त्या जोडाला हात लावून बघा, गरम लागला तर सैल आहे.

टायर. कॅम्पर वर्षातले कितीतरी महिने नुसती उभी असते, त्यामुळे नक्षी नवीकोरी आणि रबर म्हातारं. बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीचे पण बघा. पाण्याची टाकी छतावर असेल तर 100 लिटर म्हणजे 100 किलो डोक्यावर घेऊन तुम्ही आंबोलीची वळणं घेताय, घाटाच्या आधी ती रिकामी करा, पाणी खाली पण मिळतं. उतारावर खालचा गिअर, इंजिनवर गाडी सोडायची, न्यूट्रल कधीच नाही. ब्रेकचा करपट वास आला तर थांबा, रुंद जागा बघून, चाकाखाली ठोकळा लावून, अर्धा तास. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

आणि एसीचा हट्ट थोडा सोडा हो. समोरासमोरच्या दोन खिडक्यांना चांगली बारीक जाळी लावून घ्या, एक 12 व्होल्टचा पंखा, रात्री उशिरा हवा जरा बरी होते. एसीचे पैसे वाचतात त्यात दोन्ही अलार्म पण येतात.

कागदपत्रांचं एकच, गाडीत केलेला बदल आरटीओकडून आरसीवर चढलाय का आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवलाय का ते बघा. नवीन कुणी करून घेत असेल तर मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे, करून देणाऱ्याला त्याबद्दल विचारा, त्यानं नाव ऐकलेलंच नसेल तर दुसरा शोधा.

भाड्यानं घेणाऱ्यांनी गाडी ताब्यात घेताना मालकासमोर दोन्ही अलार्मचं बटण दाबून आवाज ऐकायचा, तारखा वाचायच्या, आणि फ्लोअरला कुठे उघडी भोकं आहेत का ते टॉर्च घेऊन वाकून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, लाजायचं काही कारण नाही. अलार्म नसेल तर स्वतःचा एक घेऊन जा, तो बॅगेत मावतो.

येते मग. नमस्कार.