पिकअपचं हँडल ढिलं झालंय? बॉक्सच्या स्क्रूला एवढ्यात हात लावू नका

नमस्कार मंडळी. जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगवर बोला, बोला म्हणून बरेच जण मागे लागलेत, तर आज तोच विषय. तक्रार सगळ्यांची सारखी आहे. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जात नाही. साठच्या पुढे गेलं की भरकटते, हँडल सारखं सावरावं लागतं, आणि शेजारून ट्रक गेला की गाडी हातभर सरकते.

मी बोलतोय ते पुढे सलग अ‍ॅक्सल, पाटे आणि किंग पिन (ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो पिन) असलेल्या गाड्यांबद्दल. तुमच्या गाडीला पुढे वेगवेगळे आर्म असतील तर किंग पिनच्या जागी बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश धरा. रॅक-पिनियनवाल्यांनी (बॉक्सऐवजी दातेरी पट्टी असलेल्यांनी) आज सुट्टी घ्या.

सोपं ते आधी उरकतो. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी. एका बाजूला रेडियल, दुसऱ्या बाजूला नायलॉन असला प्रकार नको. रिमोल्ड टायर पुढे नकोच. पुढचे टायर एका कडेनं खाल्ले असतील तर फोटो काढून ठेवा, अलाइनमेंटच्या वेळी लागेल. झालं.

आता मूळ दुखणं. कमेंटमध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न: "दादा, स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू किती फिरवू?" उत्तर आहे, आत्ता अजिबात नाही.

[क्लोज-अप: स्टिअरिंग बॉक्सचं झाकण, मधला स्क्रू आणि लॉक नट]

हा स्क्रू आतल्या सेक्टर शाफ्टचे, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचे, दात आतल्या नटाच्या दातांवर दाबतो. हा नट हँडलनं फिरणाऱ्या वर्मवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यावर, सरकतो. बॉक्स बनवतानाच असा बनवतात की चाकं सरळ असताना दातांमधली फट सगळ्यात कमी, आणि हँडल वळवलं की ती थोडी वाढते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीजही मधल्या दातांचीच होते. आता मधली ढील जाईपर्यंत तुम्ही स्क्रू आवळलात तर कडेचे न झिजलेले दात जाम होणार. वळणावर हँडल अडकणार. घाटात ही गंमत नको.

दुसऱ्या बाजूनं बघा. वळण संपल्यावर हँडल आपोआप सरळ होतं ना? ते काम कॅस्टरचं, म्हणजे किंग पिन मागे कललेला असतो त्याचं. बॉक्स घट्ट झाला की चाकांना परत येताना त्या घर्षणाशी झगडावं लागतं. गाडी मध्यावर यायच्या आधीच थांबते, तुम्ही हातानं सावरता, ती पलीकडे जाते, तुम्ही पुन्हा सावरता. म्हणजे भरकटणं घालवायला स्क्रू आवळला आणि भरकटणं वाढलं! हातात मात्र हँडल "टाइट" लागतं, म्हणून गॅरेजमधून निघताना माणूस खूश असतो.

आणि तिसरी बाजू, जिच्यावर मी चिडतो. हँडल वाकडं दिसतं म्हणून काही जण ते काढतात आणि स्प्लाइनवर (कॉलमच्या टोकाच्या खाचांवर) दोन दात सरकवून सरळ बसवतात. दिसायला सरळ, पण आत बॉक्स मध्यावर नाही. गाडी सरळ चालताना तुम्ही बॉक्सच्या ढिल्या भागात चालवताय. मग प्ले, म्हणजे ढील, जाणवतो, मग स्क्रू आवळतात, आणि गाडी थोडी वळली की बॉक्स खऱ्या मध्यावर येऊन जाम. हँडल सरळ करायचं ते ड्रॅग लिंकची, म्हणजे बॉक्सच्या आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची, लांबी कमी-जास्त करून.

बरं, मग प्ले आहे कुठे? त्यासाठी जॅक लावायचा नाही. चाकं जमिनीवरच हवीत, वजन त्यांच्यावरच हवं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा ठोकळा). एकाला आत बसवा आणि हँडल डावी-उजवीकडे थोडंसंच, चाक हलायला लागेपर्यंत हलवत राहायला सांगा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि हात पंखा-बेल्टपासून लांब.

तुम्ही वरून खाली या. आधी हँडलच्या कॉलमचा सांधा, म्हणजे क्रॉस किंवा रबर कपलिंग. मग बॉक्सचं अंग: तो चेसिसवर हलतोय का? बोल्ट ढिले असतात, आणि जुन्या गाडीत बोल्टांभोवती चेसिसला चीर गेलेली असते. गंजाची लाल रेघ दिसली तर तिथे ब्रश मारून नीट बघा. मग ड्रॉप आर्म, म्हणजे सेक्टर शाफ्टवर बसवलेला आर्म: शाफ्ट फिरतो पण आर्म उशिरा हलतो का, की शाफ्टच बुशमध्ये आडवा हलतोय? पुढे ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. प्रत्येक जॉइंटवर तळहात ठेवा. खराब जॉइंटची टकटक डोळ्यांच्या आधी हाताला कळते.

बॉक्सला जाणारा शाफ्ट फिरतोय आणि ड्रॉप आर्म स्वस्थ, असं दिसलं तरच दोष बॉक्सचा. आर्म हलतोय आणि चाक हलत नाही, तर दोष पुढे. एवढं बघायला दहा मिनिटं लागतात, पण ती न देता थेट पाना हातात घेतला जातो.

इथे एकानं लिहिलंय, "नियमात ३० अंश प्ले चालतो, मग एवढं काय?" बरोबर, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९८. पण हिशोब करा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या हँडलवर ३० अंश म्हणजे कडेला साधारण १० सेंटिमीटर! ती शेवटची मर्यादा आहे. या बॉक्सच्या गाडीत कडेला दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की शोधायला लागा. त्याच नियमात जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात असंही आहे, ते कोणी लिहीत नाही. टोपी फाटली की पावसाळ्याचा चिखल आत जातो आणि नवा जॉइंटही लवकर संपतो.

जॉइंट बदलताना: स्टडच्या आट्यांवर हातोडा मारू नका. पुलर लावा. नसेल तर नट टोकाशी थोडा अडकलेला ठेवून आर्मच्या डोळ्याच्या दोन बाजूंना दोन हातोडे एकदम मारा. टेपर, म्हणजे स्टडचा निमुळता भाग, कोरडा आणि स्वच्छ ठेवा, ग्रीस लावायचं नाही. नट पूर्ण आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही. आणि पिन नवीन.

आता जॅक. अ‍ॅक्सल उचला, खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून हलवा. ढील दिसली तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढील गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंग पिन. बेअरिंग असेल तर चाक फिरवत नट आवळा, मग मॅन्युअलप्रमाणे थोडा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे. किंग पिनचे बुश घरी ठोकून बसवायची वस्तू नाही. नवा बुश दाबून बसवल्यावर रीमर मारावा लागतो, आणि बुशचं भोक ग्रीस निपलसमोर आलंच पाहिजे, नाहीतर वरून कितीही ग्रीस मारा, आत थेंब जाणार नाही. ग्रीस मारतानाही अ‍ॅक्सल उचललेला हवा, वजनाखाली ते सगळीकडे पोचत नाही.

सगळे जॉइंट ठीक, किंग पिन ठीक, तरी गाडी भरकटते? मागे बघा. ऊस, कांदा, विटा भरायच्या म्हणून मागे जास्तीचा पाटा टाकलाय ना? रिकाम्या गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला, चेसिस पुढे झुकलं, कॅस्टर कमी झाला. "भरलेली चांगली चालते, रिकामी नाचते" असं लिहिणाऱ्यांनी आधी हे तपासा. भरल्यावरच नाचत असेल तर उलटं: माल मागच्या फळीकडे रचलाय आणि पुढच्या चाकांवर वजनच नाही. पुढच्या पाट्यांच्या टोकाचे शॅकल बुश आणि पाटा बांधणारे यू-बोल्टही बघा. पाट्याचा मधला बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल तिरपा सरकतो. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर टेपनं मोजा, लगेच कळतं.

कॅस्टर खरंच कमी असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालतात. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे. दोन्ही बाजूंना सारखी, लोखंडी, आणि किती अंशाची ते अलाइनमेंटवर मोजून मगच.

"स्टिअरिंगला डॅम्पर (आडवा शॉक-अब्सॉर्बर) लावला की बरं होईल का?" नाही. डॅम्पर थरथर दाबतो, ढील तशीच राहते.

मग टो-इन. दोन्ही टायरच्या मधल्या रेघेतलं अंतर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढून आणि मागून मोजा. पुढचं किंचित कमी हवं, बहुतेक गाड्यांत काही मिलिमीटरच. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. त्यानंतर ड्रॅग लिंकनं हँडल सरळ करा.

एवढं झाल्यावरही बॉक्समध्ये ढील असेल तर आता स्क्रू. इंजिन बंद. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवा, निम्म्यावर आणा, तो मध्य. आत गिअर ऑइल आहे का बघा. वर्मच्या बेअरिंगची ढील आधी काढा, स्क्रू नंतर. लॉक नट सैल करा, स्क्रू एका फेरीच्या आठव्या भागाएवढा फिरवा, हँडल टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावर अगदी किंचित जड आणि दोन्हीकडे मोकळं लागलं की थांबा. एकूण पाव फेरीपेक्षा जास्त लागत असेल तर बॉक्स उघडायची वेळ झाली. लॉक नट आवळताना स्क्रू पेचकसानं धरून ठेवा, तो सोबत फिरतो. ड्रॅग लिंक जोडा, नवी स्प्लिट पिन टाका. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात वळवून हँडल सोडलं की ते स्वतःहून परत यायला हवं. येत नसेल तर स्क्रू थोडा मागे घ्या. यू-बोल्ट सोडले असतील तर शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा आवळा.