पिशवीतला पू, गव्हाणीतली सुरुवात

(पहाट. माळशिरस तालुक्यातला गोठा. बादलीत धार पडल्याचा आवाज.)

ही संकरित होल्स्टीन गाय व्यायला आठ दिवस झाले. आज तिनं गव्हाणीत तोंड घातलेलं नाही. अंगात ताप आहे, शेपटीखाली तांबूस, पाण्यासारखा, घाण वासाचा स्राव. डॉक्टर येतील, औषध देतील. ते द्यायलाच हवं. पण अशीच गाय पुढं दोन-दोनदा उलटते, म्हणजे भरवूनही गाभ राहत नाही, तेव्हा कुणाला हा आठवडा आठवत नाही.

विताना गर्भाशयाच्या पिशवीचं तोंड उघडं असतं, खाली शेण-मूत. जंतू जवळजवळ प्रत्येक गाईच्या पिशवीत शिरतात. बहुतेक गाई त्यातून आपल्या आपण निघतात, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून टाकतात. मग हिच्याच पेशी का कमी पडल्या?

(वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा. रिकामी पेंडीची पाटी.)

महिनाभर मागं जाऊ. गाय आटवलेली. दूध नाही म्हणून पेंड बंद, समोर नुसते वाढे. पोटात वासरू वाढलेलं, आणि विण्याच्या तोंडावर भूकही मंदावते. मग व्याली, कास भरली. एक लिटर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं. 20 लिटरचा हिशोब तुम्हीच करा. खाण्यातून भागत नाही, तेव्हा अंगावरची चरबी वितळते, यकृतावर भार येतो, रक्तात चरबीतून बनणारे कीटोन वाढतात. जंतू मारायला पांढऱ्या पेशींनाही ग्लुकोज लागतं. ते कासेनं ओढून नेलेलं असतं.

कॅल्शियमचंही तसंच. एक लिटर चिकात ते साधारण 2 ग्रॅम जातं, आणि गाईच्या रक्तात एका वेळी फिरतं जेमतेम 3-4 ग्रॅम. ते घटलं की पिशवी नीट आकसत नाही, घाण आत साचते, पेशीही सुस्तावतात. वाढ्यांतलं ऑक्झलेट खाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. व्यायल्यावरही गव्हाणीत वाढेच असतील, तर ही तूट भरायची कशातून?

वार, म्हणजे वासरामागून पडणारा जार, पडायलाही याच पांढऱ्या पेशी लागतात. म्हणून अडकलेल्या वारेला वीट बांधू नका, हात घालून ओढू नका. आतून जखम होते.

(पलीकडचा गोठा. एक बाई घमेलं घेऊन येते.)

ही गाय तीन आठवड्यांनी विणार आहे. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीचा कडबा कुट्टी करून, वर भरडा, रोज थोडा-थोडा वाढवत. गाय घमेल्याकडं मान वळवते. बाई तिथंच थांबते, ती सगळं खाते का ते बघत.