डाव्या चाकाचा उलटा आटा

नमस्कार श्रोतेहो. पाऊस उघडला की साताऱ्यापासून पाटणपर्यंतच्या गॅरेजांत एकच ओरड सुरू होते: मिस्त्री, बोल्ट निघत नाही.

तो का निघत नाही? गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने आटे उघडे करा आणि गंज सोडवणारं तेल मारा. ते नसेल तर ॲसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, निम्मं निम्मं मिसळा, मात्र आसपास विडीकाडी नको. मग रात्रभर ठेवा. पुन्हा सांगतो, रात्रभर. चहा येईपर्यंत नव्हे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे आठ-दहा ठोके द्या, म्हणजे तेल आत उतरतं.

मग इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देत नट फिरवणारं यंत्र. तिच्या टोकाला नटावर चढणारी गोटी, म्हणजे सॉकेट, काळी, सहा कोनी, इम्पॅक्टचीच हवी. चकचकीत क्रोमची गोटी या माराने फुटते आणि तिचा तुकडा डोळ्याकडे येतो, तेव्हा गॉगल लावा. हवेची अर्धा इंची गन असेल तर ट्रिगर दाबलेला असताना हवेचा दाब ९० पीएसआय मिळायला हवा. कंप्रेसरच्या टाकीच्या घड्याळावर १२० दिसतात, पण पाइप बारीक असला तर गनपर्यंत पोचतात किती? ट्रिगर तीन-चार सेकंदच दाबा. आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या, परत आवळायच्या. गंजाचा भुगा असा मोकळा होतो.

आता कराड-चिपळूण रस्त्यावरच्या एका गॅरेजातली गोष्ट ऐका. वडापाची, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी, जुनी जीप आली होती, पुढचं डावं चाक पंक्चर. एका चाकाला पाच नट. पोराने पाऊण इंची गोटी चढवली, गन ‘सोड’वर टाकली आणि ट्रिगर दाबला. नट हलेना. तेल झालं, ठोके झाले, परत गन. अर्ध्या मिनिटाने खाडकन आवाज आला आणि गोटी नटासकट हातात! पोरगं खूश. गोटीत पाहिलं तर नटात स्टडचा, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचा, तुकडा. दुसऱ्या नटाचंही तेच झालं. मालक हबकला. पोराने तिसऱ्यासाठी कंप्रेसरचा दाब वाढवायला घेतला, तेवढ्यात म्हातारे मिस्त्री हातातला कप खाली ठेवून उठले. त्यांनी ओल्या चिंधीने उरलेल्या एका स्टडचं टोक पुसलं. त्यावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला.

“आरं, सोडतुयास का आवळतुयास?”

डाव्या चाकाचे आटे उलटे होते. महिंद्राने १९४७ मध्ये आपल्याकडे ज्या विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या घराण्याच्या जुन्या गाड्यांत आणि काही जुन्या ट्रकांत डाव्या बाजूला असे आटे सापडतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, हा हेतू. म्हणजे पोराची गन ‘सोड’वर टाकून नट आवळत होती, तेही पूर्ण ताकदीने. मिस्त्रींनी दिशा बदलली. तिसरा नट दोन सेकंदांत सुटला, चौथाही. पाचव्याला मात्र खरंच गंज होता. त्याच्या एका सपाट बाजूवर ग्राइंडरने आट्यांच्या जरा अलीकडेपर्यंत काप घेतला आणि छन्नीच्या एका ठोक्याने तो फोडला.

तेव्हा ट्रिगरआधी स्टडचं टोक पुसा. लक्षात ठेवा, आधी टोक पुसा, मग ट्रिगर.

जाता जाता, खंडेनवमीला आपण पान्यांना हळदकुंकू लावतो, गाडीला हार घालतो, पण चाकाचे नट वर्षात एकदाही सोडून पाहत नाही. आणि तो हार रेडिएटरच्या जाळीवर कशाला? झेंडूच्या पाकळ्या आत अडकतात आणि खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो.

असो. सायलेन्सरचा किंवा चासीचा नट तापवायचा असेल तर नट तापवा, बोल्ट नको. नट फुगला की पकड सुटते. डिझेल टाकी, ब्रेकचा होज, ग्रीस यांच्याजवळ ज्योत न्यायची नाही. चाकाच्या नटाला तर टायर रिमवर असताना ज्योत नकोच, हवा सोडलेली असली तरी नको. टायर आतून तापून फुटतो. माणसं दगावतात.

बोल्टचं डोकं तुटून खुंटी वर राहिली असेल तर तिच्यावर नट वेल्ड करा. त्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. बॅटरीची वायर आधी काढा. खुंटी आतच राहिली तर मधोमध सेंटर पंच मारून ३ मिलिमीटरपासून ड्रिल करत जा. त्या भोकात फिरवून खुंटी काढायचा इझी-आऊट असतो, त्याच्यावर गन लावू नका. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

त्या जीपचे दोन स्टड मागून हातोडीने ठोकून काढले. नवे आणायला जाल तेव्हा तुटका तुकडा खिशात घ्या, नाहीतर दुकानदार सरळ आट्याचेच देईल.

नमस्कार.