आधी पंजा, मग बाण

(दृश्य: धनुष्य धरलेला डावा पंजा, अगदी जवळून)

पेरं बघा, पांढरी पडलीयत. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य मुठीत आवळलंय. बाण सुटायचाय, चूक मात्र आधीच झालीय.

दोरी सोडल्यापासून बाण तिच्यावरून निसटेपर्यंत साधारण १५ ते २० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ही मूठ रायझरला, म्हणजे धनुष्याच्या मधल्या कडक भागाला, पीळ देते. त्यानं बाणाची दिशा एक दशांश अंशानं जरी फिरली, तरी ७० मीटरवर तो १२ सेंटिमीटर सरकतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवनं टोकियो ऑलिंपिकमध्ये बाण सोडले, ते याच अंतरावरून. तिथे दहा गुणांचं वर्तुळ असतं १२.२ सेंटिमीटर व्यासाचं, आणि नऊ-दहा गुणांचा पिवळा भाग त्याच्या दुप्पट. म्हणजे मधोमध बसणारा बाण जातो थेट पिवळ्याच्या काठावर.

(दृश्य: तोच पंजा, सैल)

आता बघा. ‘थांब’ म्हणताना धरतो तसा हात पुढे. मग पेरांची रेघ ४५ अंशांत तिरकी होईल इतका वळवायचा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ग्रिपचा, म्हणजे धनुष्य धरायच्या जागेचा, गळा. सगळा दाब अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, आयुष्यरेषेच्या अलीकडे. करंगळीची बाजू ग्रिपला टेकवायची नाही. बोटं सैल. ताठ पसरलेली बोटंही नकोत, तोही ताणच.

खांदा खाली. कोपर असं फिरवायचं की त्याची घडी उभी दिसेल. नाहीतर दोरी हाताला चाटते; नवशिक्यांच्या हातावरचे निळे वळ इथलेच.

(दृश्य: बाण सुटतो, संथ गतीत)

धनुष्य पडेल या भीतीनं मूठ वळते. ‘घट्ट धरू नकोस’ असं शंभरदा सांगून ही भीती जात नाही, बुटाच्या नाडीनं जाते. नाडीचा फास अंगठा आणि तर्जनीत अडकवून ग्रिपच्या पुढून न्यायचा, बोटभर जागा सोडून. धनुष्य पुढे झेपावतं आणि तिथेच लटकतं. बघा.

उजव्या हाताचं थोडक्यात: दोरी तीन बोटांच्या पहिल्या सांध्यात, एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. हात जबड्याच्या हाडाखाली, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला.

(दृश्य: कोरा बट, म्हणजे बाण रुततो तो जाड फळा; ५ मीटरवर मुलगी, डोळे मिटलेले)

ओढायला १६ ते २० पाउंड जोर लागणारं धनुष्य, लक्ष्याचा कागद काढलेला, रोज ३० बाण. मुलांना पहिल्याच महिन्यात ३० मीटरवर उभं करून गुण मोजायला लावणं थांबायला हवं. गुण दिसले की मूठ आवळते, आणि जड धनुष्यानं खांदे दुखावतात ते वेगळंच.

(दृश्य: उघडा तळहात, त्यावर खडूचा डाग)

दर सहा बाणांनी ग्रिपला खडूची पूड लावायची, हात लावायचा आणि तळवा बघायचा. डाग आयुष्यरेषेपलीकडे गेलाय. पुसा, पुन्हा लावा.