पीटीचे सर एकटे, मुलं सहाशे: अख्खी शाळा हालती कशी ठेवायची?

नमस्कार. आधी हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगतेय, 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं श्वास वाढेल अशी हालचाल हवी. म्हणजे आठवड्याला 420 मिनिटं. तुकडीला पीटीचे 35 मिनिटांचे दोन तास धरले तर झाली 70. त्यातही जिना, रांग, हजेरी! क्रीडाशिक्षक कितीही चांगले असोत, नुसत्या तासात हे बसत नाही. त्यांनी उरलेला दिवस हातात घ्यायला हवा, तोही इतरांकडून करून घेत.

सुरुवात मधल्या सुट्टीपासून. एरवी मोठी मुलं क्रिकेट मांडतात आणि मुली, लहान पोरं भिंतीला टेकून बसतात. चुन्याने मैदानाचे चार भाग आखा: दोरीउड्या, लगोरी, लंगडी आणि चेंडूचे खेळ. तुकड्या वारानुसार फिरवा. लगोरी भिंतीच्या बाजूला मांडा, म्हणजे हुकलेला चेंडू दुसऱ्यांच्या खेळात घुसत नाही.

साहित्य कपाटात कुलूपबंद राहिलं तर सगळं फुकट. आठवी-नववीतल्या दोन मुली, दोन मुलगे यांच्याकडे पेटी द्या. देताना-घेताना मोजून वहीत नोंद.

आता ही दोरी बघा. मधोमध पाय ठेवायचा, दोन्ही टोकं वर ओढायची. काखेपर्यंत आली की माप बरोबर. लांब असली तर पायात गुंतते, आखूड असली तर मूल वाकून उडी मारतं आणि लगेच कंटाळतं. त्यापेक्षा जाड सुती दोरीचं बंडल आणा, तीन मापांत कापा, टोकांना गाठी मारा आणि मापाप्रमाणे रंग लावा.

वर्गातली तीन मिनिटांची हालचाल इतर शिक्षकांनी घ्यायची. नुसतं परिपत्रक फिरवलं तर सह्या होतात, बाकी काही नाही. शिक्षकसभेत 15 मिनिटं मागून घ्या आणि सगळ्यांकडून करून घ्या. सातचा पाढा म्हणताना प्रत्येक आकड्याला एक गुडघा कमरेपर्यंत. वरच्या मजल्यावर उड्या नकोत, खालच्या वर्गाला त्रास होतो. उठाबशा तर नकोतच, मुलांच्या लेखी ती शिक्षा आहे. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणंही आजच थांबवा. ज्याला धावायची गोडी लावायचीय, त्याला धावणं म्हणजे अपमान असं का शिकवायचं?

मुख्याध्यापकांनो, या कामासाठी क्रीडाशिक्षकांना आठवड्यातले दोन तास मोकळे द्या, आणि ते बदली तासांत खर्ची घालू नका. योजना इथेच मोडते.

आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या मधोमध, किती जण बसलेत ते मोजा. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. दोन आठवडे एकाच भागात मुलं बसून दिसली, तर त्यांना न रागावता विचारा आणि तिथला खेळ बदला.