सात जोडरेघांची वही

(कोऱ्या पानावर पट्टी. पेन्सिलीचं टोक टेकतं.)

आधी दोन रेघा, एकीखाली एक. त्यांच्या खाली तशाच दोन, पण थोड्या आखूड. त्याखाली आणखी आखूड. अशा सात जोड्या. वर रुंद, खाली अरुंद होत जाणारी ही आकृती म्हणजे एक आठवडा. प्रत्येक जोडीतली वरची रेघ दुपारची, खालची रात्रीची.

रोज देवापुढे बसून आपला दिवस तपासण्याच्या प्रार्थनेसाठीची ही आखणी जवळपास पाचशे वर्षांची आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात ती दिली. पोप पॉल तिसरे यांनी 1548 मध्ये या पुस्तकाला मान्यता दिली, पण त्याचं बीज पडलं ते आजारपणाच्या खाटेवर.

(अंधारी खोली. खाट. खिडकीतून येणारा उजेड.)

मे 1521. स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून इग्नेशियस यांचा पाय मोडला. पुढचे कित्येक महिने ते खाटेवर पडून होते. वाचायला त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या ते दोन्हीची स्वप्नं रंगवत. पराक्रमाची, दरबाराची स्वप्नं चालू असेपर्यंत गोड वाटत. ओसरली की मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र संपल्यावरही आनंद मागे ठेवून जाई. हा फरक त्यांच्या लक्षात आला. एखादी गोष्ट घडताना कशी वाटली एवढ्यावर न थांबता ती मागे काय ठेवून गेली ते पाहायचं, ही सवय तिथून सुरू झाली.

(टेबलावरचा दिवा. शेजारी वही. दोन हात.)

रात्रीचं जेवण आटोपलंय. आता पंधरा मिनिटं. अंथरुणात नाही, कारण तिथे तिसऱ्या मिनिटाला डोळा लागतो. पाठ सरळ, पाय जमिनीवर, फोन दुसऱ्या खोलीत.

सुरुवात आभारानं. हा क्रम बदलायचा नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं: बसल्या बसल्या चुकांची यादी सुरू होते आणि प्रार्थनेचं पोलीस ठाणं होतं. आभारही मोघम नको. 'देवा, सगळ्यासाठी धन्यवाद' म्हटलं की मन काहीच शोधत नाही. आज कुणी दार धरून ठेवलं, दुखरा गुडघा जिना चढताना कुरकुरला नाही, पोरानं विचारल्याशिवाय शाळेतलं काही सांगितलं. अशा तीन गोष्टी, प्रत्येक नेमकी.

मग उजेड मागायचा. आपला दिवस आपल्याला जसा दिसतो तसा नको, देवाला दिसतो तसा दिसू दे. एका वाक्याची विनंती, पण ती वगळली की पुढचं सगळं नुसतं स्वतःशी बोलणं होतं.

तिसरा टप्पा सर्वांत लांबीचा. उठल्यापासूनचा दिवस तासातासानं पुन्हा चालायचा: मनात काय आलं, तोंडून काय गेलं, हातून काय झालं. एखाद्या भांडणापाशी गाडी अडते आणि दहा मिनिटं तिथेच जातात. अडली की पुढच्या तासावर जायचं. नंतर क्षमा मागायची आणि शेवटी उद्याची एकच गोष्ट ठरवायची. पाच ठरवल्या तर सकाळी एकही आठवत नाही.

(पेन्सिल खालच्या रेघेवर येते. एक ठिपका. दुसरा.)

रेघांचं काम इथे. आठवड्यासाठी एकच दोष निवडलेला असतो. या पानावर तो आहे तोडून बोलणं. सकाळी उठताना तो आठवायचा. दिवसभरात जेव्हा जेव्हा तो घडेल, त्याच क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाच्या ध्यानात येत नाही. दुपारी आणि रात्री, जितक्या वेळा घडला तितके ठिपके. मग वरची रेघ खालच्या रेघेशी ताडून पाहायची, आजची जोडी कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. चुकलेल्या दिवसाची रेघ मोकळीच ठेवायची. आठवून आठवून भरलेले ठिपके खोटे असतात.

(दिवस ढळलेला. लांब, रिकामा रस्ता.)

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, येशूला क्रुसावर मारल्यानंतर, त्याचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसकडे निघालेत, सुमारे अकरा किलोमीटर. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते सांगतात: आम्हाला आशा होती. होती. भाकर मोडली जाते तेव्हा कुठे तो येशू आहे हे त्यांना कळतं, आणि कळल्यावर ते मागे वळून रस्ता आठवतात: तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटत नव्हतं का? पेटलं वाटेत, समजलं नंतर. रोजच्या पंधरा मिनिटांत हाच रस्ता पुन्हा धुंडाळायचा असतो.

इग्नेशियस यांनी सांत्वनाची, म्हणजे देवाकडे ओढणाऱ्या आतल्या उबेची, व्याख्या करताना आशा, विश्वास आणि प्रीती यांची प्रत्येक वाढ त्यात धरली आहे. कितीही लहान. म्हणून वहीच्या समासात ठिपक्यांबरोबर एखादा शब्दही लिहावा: कुठे ऊब जाणवली. आणि मन ओसाड असेल, प्रार्थना घशाखाली उतरत नसेल, त्या दिवसांसाठी त्यांचा नियम सरळ आहे: अशा वेळी आधीचा निर्णय बदलायचा नाही. जे शांत मनानं ठरवलं होतं तेच धरून राहायचं, प्रार्थना थोडी वाढवायची. ठिपके मोजून धास्तीच वाढत असेल तर रेघा बंद करून फक्त आभार ठेवावेत आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलावं. उदासी आठवडेच्या आठवडे हलत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. त्यानं श्रद्धा उणी होत नाही.

नेमानं बसणाऱ्याच्या बोलण्याची धार हळूहळू कमी होते. घरच्यांना ते आधी कळतं.

(हात जोडलेले. ओठ हलतात.)

शेवटी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना, सावकाश.

(पेन्सिल पुन्हा हातात. मागच्या जोडीवर सहा ठिपके, आजच्या जोडीवर सात.)

आज एक वाढला. समासात एक शब्द आहे: 'जिना'. वही मिटते, दिवा मालवतो.