फोकस दुसऱ्या ओळीवर

[दृश्य: माटोळी, खालून वर]

नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे. लाकडी चौकटीला बांधून गणपतीवर टांगलेली चवथीची माटोळी. घर फोंडा तालुक्यातलं. वास्को, मडगाव, मुंबई, पुणे, जिथे जिथे घरची माणसं पांगलीत तिथून ती आज या एका खोलीत आली आहेत. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि आता सगळ्यांच्या सेल्फीसाठी कॅमेरा बाहेर निघालाय.

[दृश्य: लांब केलेला हात, पुढे वळवलेला स्क्रीन]

एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा. त्यावर सोबत मिळालेली १६-५० ची किट लेन्स, सर्वांत रुंद म्हणजे १६ मिलिमीटरवर. हात कितीही ताणला तरी कॅमेरा धरणाऱ्याचा चेहरा सेन्सरपासून फार तर ७० सेंटिमीटरवर. त्याच्या खांद्यामागे भावंडं, एक मीटरवर. आणि खुर्चीत बसलेली आजी, दीड मीटरवर.

सगळं ऑटोवर आहे. खोलीत उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याने लेन्समधलं छिद्र पूर्ण उघडलं, एफ ३.५ (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). चेहरे ओळखणाऱ्या फेस डिटेक्शनने सर्वांत जवळचा, सर्वांत मोठा चेहरा पकडला. तो अर्थातच कॅमेरा धरणाऱ्याचा. या जुळणीत स्पष्ट दिसेल असा पट्टा साधारण ५९ ते ८७ सेंटिमीटर एवढाच. भावंडं मऊ, म्हणजे किंचित धूसर, आजी त्याहून मऊ.

[दृश्य: मोड डायल 'ए' वर फिरतो, जवळून]

डायल 'ए' वर घ्या (काही कॅमेऱ्यांवर 'एव्ही'), म्हणजे छिद्र आपल्या हातात येतं, आणि ते एफ ८ करा. पट्टा होतो ४९ ते १२५ सेंटिमीटर. भावंडं आली. आजी अजून बाहेरच! बहुतेक लोक इथे थांबतात आणि लेन्सला नावं ठेवतात.

आता छिद्र तेच ठेवून फोकसचा चौकोन दुसऱ्या ओळीतल्या चेहऱ्यावर न्या, म्हणजे एक मीटरवर. पट्टा सरकून ६२ सेंटिमीटरपासून २ मीटर ६७ सेंटिमीटरपर्यंत जातो. कॅमेरा धरणारा सुटला नाही, आजी आत आली. कारण फोकसच्या जागेपासून कॅमेऱ्याच्या बाजूला पट्टा थोडा असतो, पलीकडे, म्हणजे मागे, बराच जास्त. धरणाऱ्यावर फोकस लावला की मागचा तो सगळा फायदा फुकट जातो. (हे आकडे फोटो साधारण आकारात पाहायचा असं धरून आहेत, भिंतीवर मोठी प्रिंट लावायची तर पट्टा आखडता धरा.)

[दृश्य: स्क्रीनवर अंगठा, चौकोन उडी मारतो]

हे पाहिलंत? चौकोन बरोबर लावला होता, पण कॅमेरा सावरताना अंगठा टचस्क्रीनला लागला आणि फोकस थेट समईवर गेला. फोकस लावून झाला की टच बंद करा. त्याहून खात्रीचं म्हणजे एका माणसाला एक मीटरवर उभं करायचं, बटण अर्धं दाबून फोकस लावायचा आणि लेन्स मॅन्युअलवर टाकायची. अंतर लेन्सच्या टोकापासून मोजू नका. कॅमेऱ्याच्या अंगावर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते, सेन्सर तिथे असतो. आणि मग झूमला हात लावू नका, कॅमेरा बंदही करू नका. बऱ्याच किट लेन्स तेवढ्यावर फोकसची जागा विसरतात.

[दृश्य: कुटुंब उभं राहतं, मागची मुलं पुढे वाकतात]

रचनेत एकच गोष्ट बघायची. फोकस म्हणजे सेन्सरला समांतर उभं असलेलं काचेचं तावदान. चेहरे त्याच्या जितके जवळ तितके स्पष्ट. पाय कुठेही असोत. मागच्यांनी कमरेतून वाकून चेहरे पुढे आणायचे, धरणाऱ्याने मान मागे घ्यायची. कडेला उभा राहणारा रुंद लेन्समुळे ताणला जातो, गाल फुगल्यासारखे दिसतात. तिथे तरण्या पोरांना उभं करा. वडीलधारी मध्येच हवीत. छोटा ट्रायपॉड दांड्यासारखा धरला तर २०-२५ सेंटिमीटर जास्त मिळतात आणि पुढच्या-मागच्या चेहऱ्यांतला फरकही कमी होतो.

[दृश्य: गणपतीभोवती लुकलुकणारी माळ]

खोलीत एफ ८ ला उजेड पुरत नाही. एफ ५.६ वर या, फोकस एक मीटरवरच. पट्टा ७० सेंटिमीटर ते पावणेदोन मीटर. आजी आत आहे, धरणारा अगदी कडेवर; म्हणून त्याने मान मागे घ्यायचीच. डायल 'एम' वर घेऊन शटर १/१०० सेकंद. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि त्याहून वेगवान शटरवर फोटोत काळे पट्टे येऊ शकतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४००. दाणे दिसतील. दिसू देत! दाणे नंतर कमी करता येतात. हरवलेला फोकस सॉफ्टवेअर परत आणत नाही, अंदाजाने दुसराच चेहरा रंगवतं.

[दृश्य: राजांगण, वरून पडणारा उजेड]

त्याच घराचं राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक. पावसाळी दुपार, वरून मऊ उजेड. इथे एफ ८, १/१२५, आयएसओ ४०० ते ८०० मध्ये काम होतं. माटोळी मिळणार नाही, माणसं सगळी मिळतील. माटोळीही हवी असेल तर आत, दिवसा, दारं-खिडक्या उघडून एफ ११. मग एक मीटरच्या फोकसवर मागे सात मीटरपर्यंत चालतं. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, सगळंच किंचित मऊ पडतं.

एसी गाडीतून आणलेला कॅमेरा इथल्या दमट हवेत लगेच काढला तर काच धूसर होते, आणि दोष फोकसला जातो. पिशवीतच १५-२० मिनिटं राहू द्या.

[दृश्य: जुन्या गोव्याहून दिवाडीला निघालेली फेरीबोट]

बोटीवर उजेडाची ददात नाही. इंजिनाची थरथर मात्र कठड्यातून हातात येते. कठड्याला टेकू नका, शटर १/२५० ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागत नाही. सलग तीन फोटो येतील असं करा. पहिल्यात कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

[दृश्य: स्क्रीनवर फोटो, चेहरा मोठा होत जातो]

छोट्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो छान दिसतो. मोठा करून सर्वांत मागच्या माणसाच्या पापण्या बघा, मगच गर्दी मोडू द्या. आणि घरच्या ग्रुपवर टाकताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून टाका. साधा फोटो म्हणून गेला तर वाटेत दाबून लहान होतो.